वैशाखातला उघडा गोठा

आखाजीला बहिणीला न्यायला जो भाऊ येतो, त्याला आमच्या खानदेशात मुराळी म्हणतात. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्राला ती सोनं घेण्यापुरती आठवते, आमच्याकडे ती सासुरवाशिणींची असते. लग्न झाल्यापासून तीसेक वर्षं माझा थोरला भाऊ मला न्यायला येत राहिला. येणारा तो असला तरी त्याला पाठवणारी वहिनी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. गेल्या आषाढात वहिनी गेली. यंदा मुराळीची वाट मी बघत नाही असं मी मुलाला दोनदा सांगितलं, आणि फोन वाजला की त्याच्या आधी धावत होते.

फोन आला, तो गायीसाठी.

"सुमी, चंद्रीले परत ताप भरना," भाऊ म्हणाला. "तिसरी खेप शे. गोचिड्या काही हटत नहीत. तू ये. तुनं ते भिंगनं यंत्र लई ये."

चंद्री ही वहिनीची गाय. वहिनीच्या माहेरून वासरू म्हणून आलेली, संकरित, कपाळावर पांढरी कोर. यंदा मला न्यायला मुराळी म्हणून एक आजारी गाय आली म्हणायची. मला तेवढंही पुरे होतं. मी त्याच संध्याकाळी बॅग काढली.

मी नोकरी केली धुळ्याला, जनावरांच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत. गायीम्हशींचं शेण आणि रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझी उमर गेली. निवृत्त झाले आणि मुलाकडे पाचगणीला आले. तो तिथल्या शाळेत शिकवतो. हवा थंड, धुकं, सगळीकडे हिरवंगार. येणारेजाणारे म्हणतात, नशीबवान आहात. मी म्हणते, हो. पण मला उन्हाची आठवण येते. असं म्हटलं की लोक माझ्या कपाळाला हात लावून बघतात, म्हणून आता म्हणत नाही. शेजारच्या बाई तर घाबरल्याच. "खानदेशात? या दिवसांत? अहो, माणसं मरतात तिथं." मी म्हटलं, माणसं जपून राहतात, मरतात ते जंत. बाईंनी पुढे विचारलं नाही.

धुळे, सोनगीर

पुण्यात गाडी बदलायला दोन तास होते, तेवढ्यात एक गाढवपणा केला. दुकानात शिरले आणि वहिनीसाठी साडी घेतली. दरवर्षी घेते तशीच, सुती, हिरवी, बारीक काठाची. पिशवी हातात आल्यावर आठवलं. परत करायची लाज वाटली, दुकानदाराला काय कारण सांगणार. तशीच बॅगेच्या तळाशी घातली.

धुळ्याला उतरले तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि स्टँडवरचा वारा तव्यावरून आल्यासारखा अंगावर आला. मी डोक्याला रुमाल बांधला आणि उगाच दोन मिनिटं उन्हात उभी राहिले. रसवंतीवाला म्हणाला, "अक्का, सावलीत या." पाचगणीला मला कुणी अक्का म्हणत नाही. तिथे मी सरांची आई आहे.

तिथून सोनगीरला गेले, शकुंतलाकडे. शकुंतला आणि मी प्रयोगशाळेत वीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा तिने आमचं पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन ठेवलं. तिच्या घरातून किल्ल्याची टेकडी दिसते आणि गल्लीत भांडी ठोकल्याचा आवाज सतत असतो. तिने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी केली होती, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल, आणि भाजलेले बिबडे. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. पाचगणीला मी ते मागच्या गच्चीवर करून पाहिले होते. तीन दिवसांत त्यांना बुरशी आली.

जेवताना आम्ही जुन्या गोष्टी काढल्या. भाद्रपदात शेणाच्या काचा जंतांच्या अंड्यांनी भरलेल्या यायच्या, मोजताना मान मोडायची. वैशाखात त्याच गावांच्या काचा बऱ्याच स्वच्छ. यात जादू काही नाही. अंडी शेणातून बाहेर पडतात, ओलावा आणि बेताची ऊब मिळाली तर अळ्या होतात आणि ओल्या गवतावर चढून बसतात. जनावर चरलं की पोटात. आमच्या वैशाखात सकाळी पडलेलं शेण संध्याकाळी वाजायला लागतं. त्यात कोण जगणार? पाचगणीच्या वाटेवर बकऱ्यांच्या लेंड्या आठवडाभर ओल्या बघते आणि माझा जीव त्या बकऱ्यांसाठी वरखाली होतो.

"आपला सगळ्यात मोठा डॉक्टर वैशाख," शकुंतला म्हणाली. "फी घेतो पण काम करतो."

"मग भावाच्या गोठ्यात गोचिड्या भर उन्हाळ्यात कशा?" मी विचारलं.

"काही जाती उन्हाळ्यातच चावतात, तुला माहीत आहे. पण त्यांना दिवसा दडायला गार, ओली जागा लागते. ती कुणी देत असेल." असं म्हणून तिने यंत्र जुन्या सतरंजीत गुंडाळलं आणि रक्ताच्या काचा रंगवायचं निळं औषध बाटलीत भरून दिलं. बूच नीट लाव म्हणाली होती. मी लावलं होतं, असं मला अजून वाटतं.

गाव

भडगावला उतरेपर्यंत बाटली बॅगेत सांडली होती. बोटं निळीजांभळी, टॉवेल निळा, आणि वहिनीच्या हिरव्या साडीच्या पदरावर हातभर डाग. त्या डागाकडे बघून मला इतका वेळ आवरलेलं रडू आलं. रिक्षावाला म्हणाला, "काय हरवलं का?" मी म्हटलं, नाही, सांडलं.

आमचं गाव तिथून पुढे, गिरणेच्या काठाने. नदीत या दिवसांत वाळूच जास्त. काठावर केळीचे मळे, लिंबाच्या बागा, आणि मधली रानं नांगरून उघडी टाकलेली. पाचगणीला ऊन निघालं की लोक अंथरुणं बाहेर आणतात. इथे ऊन चढलं की अख्खं गाव दारं लोटून आत बसतं आणि चारनंतर पुन्हा उगवतं. भाऊ मात्र दारात उभा होता. गालफडं बसलेली. पूर्वी माझी बॅग घेताना तो, "काय दगड भरले का?" असं विचारायचा. यंदा न बोलता घेतली.

"वनी का," एवढंच म्हणाला.

"वनू," म्हणजे आले, मी म्हटलं. मुलाशी बोलताना माझी अहिराणी जिभेवर येत नाही, इथे शिवेवरच येते. पुढचं माझं बोलणं मात्र सगळ्यांना कळावं म्हणून साधंच लिहिते.

पाणी प्यायले आणि गोठ्याकडे निघाले, तर आतून कूलरचा आवाज. मला हसूच आलं. ज्या घरात जावयाला पंख्याखाली बसवतात, तिथे गायीला कूलर. आत पाऊल टाकलं आणि बाहेरच्या भट्टीतून एकदम पाचगणीत गेल्यासारखं झालं. ओल्या गवताच्या जाळीचा वास, जमीन दमट, अंधार. चंद्री मान टाकून बसलेली. कानात, कासेजवळ, शेपटीखाली गोचिड्या, काही द्राक्षाएवढ्या फुगलेल्या. मी तिचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"जर्सीनी जात, ऊन सोसत नही तिले," भाऊ म्हणाला. "म्हनीसन कूलर लावा."

ते खोटं नव्हतं. संकरित गायी उन्हाने धापा टाकतात. मी मान हलवली आणि भिंतीकडे बघितलं.

आमच्याकडे गोठ्याला पराट्यांचा कूड असतो. कपाशीची वाळलेली झाडं म्हणजे पराट्या. त्या उभ्या बांधायच्या आणि दोन्हीकडून शेणमातीने लिंपायच्या. लिंपणाऱ्या बाईच्या बोटांची वळणं भिंतीवर राहतात, अर्ध्या चंद्रासारखी, एकाखाली एक. वहिनीचं वळण मला कुठेही ओळखू आलं असतं. तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं. त्यामुळे तिच्या वळणात दोन रेघा, मग रिकामी पट्टी, मग करंगळीची बारीक रेघ. भिंत वरपासून खालपर्यंत तशी होती. कडेला लिंपण कुडापासून सुटून भेगा पडलेल्या. मी एका भेगेत काडी घातली. काडीबरोबर तीन गोचिड्या बाहेर आल्या.

डॉक्टर, आणि दोन बाटल्या

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याचे डॉक्टर आले. तरुण, घाईतले, पण हात प्रेमळ. त्यांनी चंद्रीला इंजेक्शन दिलं, कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त मला काचेवर दिलं. ओट्यावर सतरंजी अंथरून मी यंत्र मांडलं. बाटलीत उरलेल्या औषधात काच रंगवली. डोळा लावला आणि दोन वर्षांनी माझी मान आपोआप त्या जुन्या कोनात गेली. लाल पेशींच्या आत बारीक निळे ठिपके. थायलेरिया. गोचिडीच्या चाव्यातून येतो, रक्त खातो.

डॉक्टरांनीही बघितलं. "मावशी, गायीचं औषध माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "गोठ्याचं नाही. दोनदा बरी केली, दोनदा त्याच खुंट्याला बांधली. अंगातलं रक्त बघा. चौथ्या वेळी मला बोलावू नका, उपयोग होणार नाही."

"गोठ्यात फवारलं नाही का?"

डॉक्टरांनी भाऊकडे बघितलं. भाऊ जमिनीकडे. "जमीन फवारू दिली. भिंतीला हात लावू देत नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

मला कळेना. माझा भाऊ काही अडाणी नाही, शेतात सगळी औषधं मारतो. शेजारी नाना राहतात, ऐंशीच्या पुढचे. वडलांच्या वेळेपासूनचा शेजार. त्यांच्याकडे दोन म्हशी आणि बैलजोडी, अंगावर गोचीड औषधाला नाही. मी त्यांच्या गोठ्यात गेले तर डोक्यावर आभाळ. होळी झाली की नाना गोठ्याचे पत्रे काढून ठेवतात, जनावरं निंबाखाली बांधतात आणि गोठा आखाजीपर्यंत उन्हाला देतात. मग भेगा बुजवून, लिंपून पत्रे परत.

"बठ्ठा गाव करे पहिले," नाना म्हणाले, म्हणजे सगळा गाव. "तुना बाप बी करे. तुनी भावजाई तं सवता शिडीवर चढे. गया साल ती आजारी व्हती, ऱ्हाई गयं."

आखाजीला मला गोठा उघडाच दिसायचा, पण पत्रे वहिनी काढते हे माहीत नव्हतं. गेल्या वर्षी आजारपणात राहिलं, आणि यंदा कुणी काढले नाहीत.

मी नोकरीतली सवय काढली. दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या, चंद्रीच्या अंगावरच्या टम्म फुगलेल्या दहा-दहा गोचिड्या दोन्हीत टाकल्या, तोंडाला मलमल बांधली. फुगलेली गोचीड आपण होऊन गळून पडते, भेगेत शिरते आणि अंडी घालून मरते. एक बाटली भाऊच्या भिंतीतल्या भेगेत ठेवली, दुसरी नानांच्या. दुपारी दोन वाजता दोन्ही भेगांत तापमापक धरला. भाऊच्या भिंतीत अठ्ठावीस. नानांच्या भिंतीत सत्तेचाळीस. अठ्ठावीस हा पाचगणीच्या हवेतला आकडा, आणि तो होता भडगाव तालुक्यात, भर उन्हाळ्यात.

भाऊ बघत होता. "उन्हात ठेवशी तं तू बी मरशी, सुमी," तो म्हणाला. आल्यापासूनची त्याची ती पहिली चेष्टा. मला इतकं बरं वाटलं की मी भांडलेच नाही.

कूलर

गावात आखाजीची तयारी चालली होती. पोरी गौराई बसवून संध्याकाळी गाणी म्हणत होत्या, निंबाला झोके बांधले होते. गल्लीत बायका माझे निळे हात बघून, "मेंदी कुठली लावली, अक्का?" विचारत होत्या. मी म्हटलं, पाचगणीची. एकीने खरंच पत्ता मागितला. माहेरी आलेल्या पोरी खिडकीतून हाका मारत होत्या आणि प्रत्येक हाकेला मी मान वळवत होते. आमच्या घरातून हाक मारणारं कुणी नव्हतं. भाऊचा मुलगा सुरतेला, सुट्टी मिळाली नाही. स्वयंपाक मी करत होते. आमरस केला, कुरडया तळल्या. वहिनीचे डबे जिथल्या तिथे होते, मसाल्याच्या डब्यावर तिच्या हातची चिंधी बांधलेली. ती मी सोडली नाही, चमचा वरून घातला.

चौथ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात गेले. चंद्री धापा टाकत होती, आणि मला दिसलं की कूलरचा वारा तिच्याकडे जातच नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. घाईत राहिलं असेल म्हणून मी तो गायीकडे वळवला आणि चारा टाकायला लागले. भाऊ आला. त्याने कूलर परत भिंतीकडे फिरवला. वर बादलीत पंचा बुडवून भिंतीवर हलक्या हाताने पाणी फिरवायला लागला, तापल्या पोराचं अंग पुसावं तसं.

"चंद्रीला वारा लागू दे की," मी म्हटलं.

"भिंत वाळी जाई."

"वाळू दे."

"वाळनी की लिंपन सुटस," तो म्हणाला. "सुटनं की पडी जाई. मंग तिनं काय ऱ्हाई आठे?"

तेव्हा मला सगळं कळलं. कूलर गायीसाठी नव्हताच. मला खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही, आणि चार दिवस त्या पांढऱ्या हिरड्या बघून मी आतून तापले होते. मी म्हटलं, "तू भिंत नाही पाळत, गोचिड्या पाळतोस. वहिनीच्या नावाने पाळतोस आणि तिचीच गाय मारतोस. तिने असल्या भिंतीवर कधीच फावडं मारलं असतं."

भाऊने पंचा पिळला, बादलीच्या काठावर ठेवला आणि मळ्यात निघून गेला. तो जेवायला आला नाही. मी ताट झाकून ओट्यावर बसून राहिले. मला खूप वाईट वाटत होतं. त्याची ती भिंत माझीही होती. मी आल्या दिवसापासून, कुणी नसताना, त्या रिकाम्या पट्टीवरून बोट फिरवून येत होते.

आखाजी

आखाजीच्या आदल्या दिवशी मी दोन्ही बाटल्या काढल्या. नानांकडच्या बाटलीत गोचिड्या वाळून मनुकांसारख्या झाल्या होत्या. दोघीतिघींनी अंडी घातली होती, पण ती चिमटलेली, फुंकर मारली तर उडाली. भाऊच्या भिंतीतली बाटली मी उजेडात धरली. तळाशी तपकिरी, चकचकीत अंड्यांचे ढीग. एकेका गोचिडीची हजारो. खसखस सांडल्यासारखी.

मी काहीच समजावून सांगितलं नाही. ओट्यावर यंत्र लावलं, चिमूटभर अंडी काचेवर ठेवली आणि म्हटलं, "भाऊ, इकडे ये."

त्याने चष्मा काढून डोळा लावला. मग दुसरी काच बघितली, वाळलेली. मग परत पहिली.

"ह्या बठ्ठ्या तिना भिंतमा?" त्याने विचारलं.

"भिंतीत. गारव्यात. वहिनीच्या हातात नाही," मी म्हटलं. "तिचा हात तर दरवर्षी ही भिंत उन्हाला द्यायचा."

तो उठून गोठ्यात गेला. थोड्या वेळाने कूलरचा आवाज थांबला. घर एकदम इतकं शांत झालं की नानांच्या म्हशीची साखळी ऐकू आली.

आखाजीच्या सकाळी घागर भरली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर पुजतात, तिच्या तोंडावर डांगर ठेवतात, म्हणजे खरबूज, आणि पुरणपोळी, सांजोरीचा नैवेद्य. आईवडलांची घागर दरवर्षीची. वहिनीची पहिलीच. भाऊने ती स्वतः उचलून आणली, कुंकू लावलं आणि हात जोडून तिच्यासमोर बसला. त्याचे ओठ हलत होते. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

जेवणं झाली. बाहेर ऊन असं की अंगणात नजर ठरत नव्हती. भाऊने डोक्याला ओला पंचा बांधला, पाना घेतला आणि शिडी लावून गोठ्यावर चढला.

"अरे, चारनंतर चढ," मी खालून ओरडले.

"ती दुपारलेच चढे," तो वरून म्हणाला.

पत्रा एवढा तापलेला की हात लावता येत नव्हता. नाना काठी टेकत आले आणि खाली उभे राहून कुठला बोल्ट आधी ते सांगत राहिले. मी चंद्रीला निंबाखाली आणलं. तिला ऊन लागू नये म्हणून गोणपाट शोधलं, ते धड सापडेना. मग आत गेले, बॅगेच्या तळातून ती हिरवी साडी काढली, हौदात भिजवली आणि दुहेरी करून तिच्या पाठीवर टाकली. निळा डाग बरोबर वशिंडावर आला. चंद्रीने कातडी थरथरवली आणि डोळे मिटले. भाऊने वरून बघितलं.

"कोनी साडी शे?"

"वहिनीची," मी म्हटलं. "यंदाची."

त्याने मान वळवली आणि पुढचा बोल्ट फिरवला. शेवटचा पत्रा निघाला तेव्हा ऊन त्या भिंतीवर वरून खालपर्यंत पडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती वळणं एवढी स्पष्ट दिसली. दोन रेघा, रिकामी पट्टी, एक बारीक रेघ. आम्ही तिघंही तिथे उभे राहिलो, डोक्यावर ऊन घेत, आणि कुणी कुणाला सावलीत चल म्हटलं नाही.

निघताना

मी आणखी तीन दिवस राहिले. दुसऱ्याच दिवशी लिंपण तडकायला लागलं. तिसऱ्या दिवशी पहिली खपली पडली, परातीएवढी. भाऊ दारात बसून होता. तो उठला, खपली उचलली, उलटी केली. मागे भाजून निघालेल्या गोचिड्या चिकटलेल्या. त्याने ती टाकली नाही, अंगणात उन्हातच ठेवली. त्याच्या शेजारी दुसरी, मग तिसरी.

"महिनाभर तापू दे," मी सांगितलं. "मग भिजवून नव्या मातीत कालव. जुनं लिंपण घातलं की नवं धरतं."

"ठाऊक शे," तो म्हणाला. "पन लिंपी कोन?"

लिंपणं हे बायकांचं काम. गावात मजुरीने बाई मिळते. पण तिचं वळण तिचंच असणार. मी राहते म्हणावं असं फार वाटलं, पण तिकडे नातवाची शाळा सुरू होणार होती. मी जळगावची गाडी पकडली. भाऊ भडगावपर्यंत आला आणि बॅग बसमध्ये ठेवताना म्हणाला, "काय दगड भरले का?" बस जळगावच्या स्टँडवरच थांबते हे मला चांगलं माहीत असूनही मी वाहकाला दोनदा विचारलं. डोळे भरले असले की माणूस काहीतरी विचारत राहतो.

जळगावला स्टेशनवर उभी असताना खालची फरशी चपलेतून पोळत होती. मी पाय उचलले नाहीत. हे पायात भरून न्यावं असं वाटत होतं.

पाचगणीला पावसाळा लागला. दोन महिने ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल. मुलाच्या कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्या मी रोज चिमट्याने काढते. परवा तेच करत असताना भाऊचा फोन आला. चंद्री चरते आहे. हिरड्या लाल झाल्या. अंगावर शोधून एक गोचीड सापडली, ती नानांच्या म्हशीची असेल असं तो म्हणाला, त्यावर नाना मागून भांडले. पत्रे परत बसवले. लिंपणही झालं.

"कुणी लिंपलं?" मी विचारलं.

"मीच. बठ्ठा गाव हसना."

"जमलं?"

"माती जमनी. वळन जमे ना. चार बोटं फिरवी पाह्यी, तिना सारखं येत नव्हतं. मंग मी एक बोट दुमडी लिधं."

मी चिमटा खाली ठेवला आणि करंगळीशेजारचं बोट दुमडून बघितलं. खिडकीबाहेर धुक्यात काहीच दिसत नव्हतं. तो तिकडून हॅलो, हॅलो करत राहिला, त्याला वाटलं रेंज गेली.

"सुमी, ऐकी ऱ्हायनी का? आखाजीले मी येस तुले लेवाले. भिंत पाह्यजो."

आखाजीला अजून नऊ महिने होते. मी म्हटलं, ये, मी तयार आहे.